केबीआरची पेलेट आणि सिस्टर मिरियम

पुणे

प्रिय वसुधा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. एम.एस्सी.चं आयआरचं, म्हणजे अवरक्त वर्णपटांचं, प्रॅक्टिकल यंदा तुझ्याकडे आलं हे वाचून फार आनंद झाला. पहिल्या बॅचच्या बहुतेक पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या चकत्या, पारदर्शक न होता पांढऱ्याफटक निघाल्या आणि मुलींनी पोटॅशियम ब्रोमाइडच्या बाटलीलाच दोष दिला, असं लिहिलं आहेस. आषाढातल्या रत्नागिरीत बाटलीचा दोष थोडा असेलही. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिते. पण त्याआधी ज्या बाईंनी ही पेलेट करायची रीत घालून दिली, त्यांच्याविषयी लिहायचं आहे. आपल्याकडे हजारो मुलं दरवर्षी केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडची) पेलेट दाबतात, जर्नलात तिचं चित्र काढतात, आणि हे नाव त्यातल्या कुणाच्या कानावरही आलेलं नसतं. मला ते बरं वाटत नाही.

त्यांचं नाव सिस्टर मिरियम मायकल स्टिम्सन. जन्म शिकागोत, १९१३ साली. त्या डोमिनिकन संघातल्या कॅथलिक जोगीण होत्या. अमेरिकेत मिशिगन राज्यात एड्रियन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या डोमिनिकन सिस्टर्सनी १९१९ मध्ये मुलींसाठी एक कॉलेज काढलं. पुढे सिएना हाइट्स या नावानं ते ओळखलं जाऊ लागलं. सिएना हे नाव संत कॅथरीन ऑफ सिएना यांच्यावरून आलं, त्याही डोमिनिकन परंपरेतल्याच. मिरियम याच कॉलेजातून १९३६ साली रसायनशास्त्राच्या पदवीधर झाल्या, संघात दाखल झाल्या आणि तिथेच शिकवू लागल्या. मुंबईचं सोफिया कॉलेज आठवलं की असं कॉलेज कसं असेल याचा थोडा अंदाज येतो. सिस्टर्स स्वतः वर्गात शिकवतात, स्वतःच प्रयोगशाळा चालवतात, आणि मुलींना विज्ञान झेपेल का हा प्रश्न तिथं कुणी विचारत नाही.

डॉक्टरेटसाठी त्या सिनसिनाटीच्या इन्स्टिट्यूटम डिव्ही थॉमी या संस्थेशी जोडल्या गेल्या. ही संस्था १९३५ मध्ये सिनसिनाटीचे आर्चबिशप मॅकनिकोलस यांच्या पुढाकारानं सुरू झाली होती आणि तिचे प्रमुख होते जॉर्ज स्पर्टी हे संशोधक. संस्थेची पद्धत अशी की मुख्य काम सिनसिनाटीत चाले आणि वेगवेगळ्या कॅथलिक कॉलेजांतल्या लहान प्रयोगशाळा तिला जोडलेल्या असत. एड्रियनची प्रयोगशाळा त्यांतली एक होती. कर्करोग आणि जखमी पेशींतून बाहेर पडणारे पदार्थ हा तिथला मोठा विषय. तिथून मिरियमबाई न्यूक्लिक आम्लांच्या (डीएनए, आरएनए यांच्या) क्षारकांकडे आल्या, म्हणजे सायटोसिन, युरॅसिल, अ‍ॅडेनिन, ग्वानिन या मंडळींकडे. हे सगळे क्षारक अतिनील प्रकाश २६० नॅनोमीटरच्या आसपास जोरात शोषतात, त्यामुळे सुरुवातीला त्यांचा अभ्यास अतिनील वर्णपटांवरच (कुठले किरण किती शोषले जातात त्या आलेखांवर) होता.

त्यांना अडचण कुठे आली, ते नीट समजून घे. मुलींना पेलेट शिकवताना हीच गोष्ट आधी सांगायला हवी असं मला वाटतं.

सायटोसिनसारखा रेणू दोन रूपांत कल्पिता येतो. एका रूपात कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधानं जोडलेला असतो, ते कीटो रूप. दुसऱ्यात तिथं ओएच (ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन) असतो आणि हायड्रोजनची जागा बदललेली असते, ते इनॉल रूप. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत या क्षारकांची इनॉल रूपं सर्रास छापलेली असत. द्रावणात मोजायला जावं तर पीएच बदलला की वर्णपट सरकतो, आणि जे दिसतंय ते रेणूचं मूळ रूप की द्रावकामुळं झालेला बदल, हे सांगता येत नाही. म्हणून पदार्थ घन अवस्थेतच मोजायला हवा होता. अवरक्त किरणांत कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध) आणि ओएच वेगवेगळ्या जागी दिसतात, म्हणून आयआर हे त्यासाठी योग्य साधन. पण क्षारक सेंद्रिय द्रावकांत जवळजवळ विरघळत नाहीत. पाण्यात थोडे विरघळतात, पण पाणी स्वतःच अवरक्त किरण गिळून टाकतं आणि मिठाच्या खिडक्याही विरघळवतं. उरला नुजॉल, म्हणजे पॅराफिन तेलात पदार्थ खलून केलेला लगदा. त्या तेलाचे स्वतःचे पट्टे २९२०, १४६० आणि १३७५ च्या आसपास येतात (हे आणि पुढचे असे आकडे तरंगांकाचे, प्रति सेंटीमीटरमध्ये) आणि पदार्थाचे तिथले पट्टे झाकून टाकतात. शिवाय लगद्याचा थर किती जाड आहे हे हातात राहत नाही, त्यामुळे मोजमाप करता येत नाही.

मिरियमबाईंचा उपाय असा: पदार्थ कोरड्या पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये बारीक खलायचा आणि साच्यात प्रचंड दाब देऊन त्याची पारदर्शक चकती करायची. पोटॅशियम ब्रोमाइड निवडण्याला भक्कम कारणं आहेत. ४००० पासून थेट ४०० पर्यंत ते अवरक्त किरणांना वाट देतं. साधं मीठ ६५० च्या खाली बंद पडतं. दाबाखाली त्याचे कण वाहतात आणि एकमेकांत मिसळून एकसंध होतात. त्याचा अपवर्तनांक बहुतेक सेंद्रिय घन पदार्थांच्या अपवर्तनांकाजवळ आहे, म्हणून आतले कण प्रकाश फारसा विखरत नाहीत. काचेचा चुरा हवेत पांढरा दिसतो आणि पाण्यात टाकला की दिसेनासा होतो, तसंच हे. आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: हे लवण अतिनील किरणांनाही बऱ्यापैकी मोकळं आहे. म्हणजे एकाच प्रकारच्या चकतीवर अतिनील आणि अवरक्त दोन्ही वर्णपट घेता येतात. १९५२ साली ओ'डॉनेल यांच्यासह त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये सायटोसिन आणि आयसोसायटोसिन यांचे घन अवस्थेतले अवरक्त आणि अतिनील वर्णपट प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जर्मनीत शीट आणि राइनवाइन यांनी हीच युक्ती स्वतंत्रपणे मांडली. श्रेय दोघांकडेही जातं, आणि जायलाच हवं.

हे काम कधी चाललं होतं ते लक्षात घे. १९५३ च्या सुरुवातीला केंब्रिजमध्ये डीएनएची रचना शोधणारे वॉटसन पुस्तकातली इनॉल रूपं घेऊन क्षारकांच्या जोड्या जुळवत बसले होते आणि जोड्या जुळत नव्हत्या. जेरी डोनोह्यू या रसायनशास्त्रज्ञांनी कीटो रूपं घ्यायला सांगितलं, आणि मग अ‍ॅडेनिन थायमिनशी, ग्वानिन सायटोसिनशी नेमकं बसलं. कारण सरळ आहे. इनॉल रूपात हायड्रोजन देणारी जागा घेणारी होते आणि घेणारी देणारी, त्यामुळे हायड्रोजन बंधांचं सगळं गणित उलटं होतं. मिशिगनच्या छोट्या गावातल्या या सिस्टर त्याच सुमारास नेमका हाच प्रश्न वर्णपटावर सोडवत होत्या. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा शोध त्यांच्यामुळे लागला असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं खोटं ठरेल. पण कुठला प्रश्न कळीचा आहे हे त्यांनी ओळखलं होतं, आणि स्वतःच्या बळावर ओळखलं होतं. पुढे पॅरिसच्या सोरबॉनमध्ये त्यांना व्याख्यानाला बोलावणं आलं.

आता तुझ्या पांढऱ्या पेलेटकडे वळू. वरचा प्रश्न आणि खालची कृती मी मुद्दाम एकाच पत्रात लिहिते आहे. पाण्याचे पट्टे पडतात ३४४० आणि १६४० ला. सायटोसिनचा कार्बोनिल १६५० च्या आसपास, आणि इनॉल असता तर त्याचा ओएच दिसला असता ३४०० च्या बाजूला. म्हणजे ओलं पोटॅशियम ब्रोमाइड घेतलं, तर ते नेमकं त्याच दोन जागी खोटी साक्ष देतं जिथं सिस्टरना खरं उत्तर हवं होतं. चूक दुसरीकडे कुठे झाली असती तर एक वेळ चालली असती. इथं ती चालणारी नव्हती, म्हणून या पद्धतीत कोरडेपणावर एवढा जोर आहे.

पोटॅशियम ब्रोमाइड आयआर ग्रेडचंच घे, साधं विश्लेषणाचं नको. ते हलकं कुटून पेट्री डिशमध्ये पातळ पसर आणि ओव्हनमध्ये ११० अंशांवर निदान तीन तास ठेव, पावसाळ्यात रात्रभर. घाईनं तापमान फार वाढवू नकोस; थोडं ब्रोमाइड ब्रोमेट होऊन तपकिरी छटा येऊ शकते. ओव्हनमधून थेट डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात). डेसिकेटरमधली सिलिका जेल गुलाबी झाली असेल तर तिचा काही उपयोग नाही, आधी तीच ओव्हनमध्ये तापवून निळी करून घे. २५ अंशांवर हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की हे लवण हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि कोकणात जुलैमध्ये आर्द्रता याच्या खाली क्वचितच येते. म्हणून सगळी बाटली टेबलावर उघडी ठेवून बॅचला वाटणं बंद कर. दिवसाला लागेल तेवढंच छोट्या बाटल्यांत भरून ठेव, प्रत्येक गटाला एक. एसीची खोली असेल तर खलणं आणि दाबणं तिथंच करायचं.

खल अ‍ॅगेटचाच (अकीक दगडाचा) हवा. चिनीमातीच्या खलाची छिद्रं आधीच्या बॅचचा पदार्थ धरून ठेवतात, आणि खल झिजला की सिलिकेटचा रुंद पट्टा १०८० च्या आसपास उगवतो. मग मुली त्याला सीओ बंध समजून तासभर चर्चा करतात.

प्रमाण: १३ मिलिमीटरच्या साच्याला २०० मिलिग्रॅम ब्रोमाइड आणि १ ते २ मिलिग्रॅम पदार्थ, म्हणजे अर्धा ते एक टक्का. चकती सुमारे अर्धा मिलिमीटर जाड होते. १ मिलिग्रॅम म्हणजे केवढं हे मुलींना वजनकाट्यावर एकदा दाखव. बहुतेक जणी अंदाजानं तिप्पट घेतात, आणि मग मोठे पट्टे खाली शून्याला टेकून चपटे होतात. अशा वर्णपटावरून उंचीही कळत नाही आणि आकारही. सर्वांत तीव्र पट्टा १० ते २० टक्के पारगमनापाशी थांबला तर प्रमाण बरोबर.

आधी पदार्थ एकटा खलायचा, थोडा चकचकीत लेप खलाला धरेपर्यंत. मग थोडं ब्रोमाइड घालून एकजीव करायचं, मग उरलेलं. पदार्थाचा कण २ मायक्रोमीटरपेक्षा बारीक हवा, कारण या किरणांची सर्वांत छोटी तरंगलांबी अडीच मायक्रोमीटर आहे. कण त्याहून मोठे राहिले तर प्रकाश विखुरतो. वर्णपटाची पायाभूत रेषा ४००० च्या टोकाला खाली झुकलेली आणि पुढे चढत गेलेली दिसते. पट्ट्यांचा आकारही तिरका होतो, एका बाजूला उभा आणि दुसऱ्या बाजूला लांब शेपटीचा. याला ख्रिश्चियन्सन परिणाम म्हणतात, आणि त्यावर उपाय एकच, आणखी खलणं. पण ब्रोमाइड घातल्यावर मात्र खलणं आटपतं घ्यायचं. ब्रोमाइड जितकं जास्त खलावं तितका नवा पृष्ठभाग तयार होतो आणि तितकं ते हवेतलं पाणी ओढतं. एकूण दोन-तीन मिनिटं पुरेत.

साच्याच्या खालच्या ठोकळ्याची चकचकीत बाजू वर. भुकटी ओतून दट्ट्या हलक्या हातानं एकदा फिरवून सपाट कर, नाहीतर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ चकती होते आणि पातळ बाजूला भेगा पडतात. वरचा ठोकळा चकचकीत बाजू खाली करून बसव. मग निर्वात पंप जोडून दोन-तीन मिनिटं हवा काढ. ही पायरी बऱ्याच ठिकाणी वगळतात. हवा आत राहिली की दाबाखाली चकती स्वच्छ दिसते, आणि बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात ढगाळ होते. त्यानंतर ८ ते १० टन, दोन मिनिटं. १० टनांच्या वर जाऊ नकोस. त्यानं चकती जास्त पारदर्शक होत नाही, साच्याचा पोलादी ठोकळा मात्र दबतो. दाब सोडताना झडप हळूहळू उघडायची. एकदम सोडला तर चकतीला आडवे पापुद्रे सुटतात.

तुझ्या बॅचच्या चकत्यांवरून दोष ओळखायचा झाला तर: सगळी चकती सारखी धुरकट असेल तर ओलावा किंवा कमी दाब. स्वच्छ चकतीत पांढरे ठिपके असतील तर मिश्रण एकजीव नाही किंवा पदार्थाचे खडे राहिलेत. फक्त मध्यभाग पांढरा असेल तर भुकटी नीट पसरलेली नाही. २३५० ला जोडपट्टा दिसला तर त्याचा चकतीशी संबंध नाही, तो उपकरणातल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड आहे. कोरी चकती पुन्हा मोजून घे. आणि प्रत्येक बॅचची एक कोरी ब्रोमाइडची चकती आधी घ्यायलाच हवी. ३४४० ला पाण्याचा किती पट्टा आहे ते तिथं कळतं, मग पदार्थाच्या वर्णपटातला ओएच खरा की उसना हे ठरवता येतं.

काही पदार्थांना ही पद्धत चालत नाही, तेही सांग. अमाइनच्या हायड्रोक्लोराइडचा पदार्थ असेल तर खलताना क्लोराइडच्या जागी ब्रोमाइड येतं आणि वर्णपट वेगळ्याच लवणाचा निघतो. अशा वेळी पोटॅशियम क्लोराइड वापरायचं. काही पदार्थांचे स्फटिक दाबानं किंवा खलण्यानं दुसऱ्या रूपात जातात. औषधाच्या क्षेत्रात हे फार महत्त्वाचं आहे, कारण तिथं स्फटिकाचं रूपच तपासायचं असतं. नुजॉल अजून टिकून आहे तो अशाच कामांसाठी.

काम झाल्यावर साचा लगेच धुवायचा, आधी ऊर्ध्वपातित पाण्यानं, मग अ‍ॅसिटोननं. कोरडा करून तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा. ब्रोमाइड पोलादाला खातं. रत्नागिरीच्या हवेत एक रात्र न धुता राहिला तर चकचकीत तोंडावर बारीक खड्डे पडतात, आणि पुढची प्रत्येक चकती तेच खड्डे घेऊन येते. नवीन ठोकळ्यांना पैसे मागायला गेलीस की किती महिने जातील ते तू जाणतेसच.

तुझ्या विभागात एटीआर (पेलेट न करता थेट पदार्थावरून आयआर घ्यायचं साधन) येणार आहे असं लिहिलंस. चांगलंच आहे. हिऱ्यावर चिमूटभर पदार्थ ठेवला, दाबला, झालं. तरी पेलेट बंद करू नकोस. एटीआरमध्ये पट्ट्यांच्या उंचीचं परस्पर प्रमाण बदलतं, कारण किरण किती खोल जातो हे तरंगलांबीवर ठरतं. खालच्या तरंगांकाचे पट्टे मोठे दिसतात. जुन्या संग्रहांतले हजारो वर्णपट ब्रोमाइडच्या चकतीवर घेतलेले आहेत, आणि आपली औषधसंहितासुद्धा अनेक ओळख-चाचण्यांसाठी तीच पद्धत सांगते. चकती करता येणारी मुलगी कंपनीच्या गुणवत्ता विभागात पहिल्याच दिवशी कामाला लागते.

सिस्टरच्या पुढच्या आयुष्याबद्दल थोडं. १९६० च्या दशकात कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर धर्मसंघांनी आपापल्या नियमांचा फेरविचार करावा असं ठरलं. १९६५ मध्ये अमेरिकेत जवळपास १,८०,००० सिस्टर्स होत्या, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांतल्या हजारोंनी झगा उतरवून संघ सोडला. त्यात शाळा-कॉलेजांत विज्ञान शिकवणाऱ्या कितीतरी होत्या. त्यांनी शिकवणं सोडलं नाही. त्या सरकारी शाळांत, महाविद्यालयांत गेल्या आणि त्याच शिस्तीनं फळ्यापुढे उभ्या राहिल्या. अशा माजी सिस्टर्सच्या हाताखाली शिकलेली एक अख्खी पिढी तिकडे आहे. त्यांच्याबद्दल लिहिलं गेलेलं फार थोडं आहे. मिरियमबाई मात्र संघातच राहिल्या. त्याच दशकाच्या अखेरीस त्यांनी एड्रियन सोडलं आणि न्यूयॉर्क राज्यातल्या केउका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला गेल्या. नंतर सिएना हाइट्सला परतून तिथल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची जबाबदारी घेतली. २००२ साली एड्रियनमध्येच त्या वारल्या.

मला त्यांच्या कामात सगळ्यात जास्त भावतं ते हे की त्यांनी मोठ्या विद्यापीठाची वाट पाहिली नाही. संशोधन आणि पदवीचं शिकवणं एकाच टेबलावर चाललं. पदवीच्या मुलींना खरा, अजून न सुटलेला प्रश्न द्यायचा, हे आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजांनाही जमण्यासारखं आहे. दाबयंत्र, साचा, ओव्हन, खल, एवढीच सामग्री लागते. आणि आता सिएना हाइट्सच बंद होणार आहे. २०२५-२६ हे शेवटचं शैक्षणिक वर्ष असेल असं विद्यापीठानं २०२५ मध्ये जाहीर केलं. जिथं हे काम झालं ती संस्थाच राहणार नसेल, तर ते नाव कुणी घ्यायचं? प्रॅक्टिकल घेणाऱ्या आपल्यासारख्यांनीच घ्यायला हवं.

म्हणून एक सुचवते. नेहमीच्या बेंझोइक आम्लाऐवजी या वर्षी एका बॅचला सायटोसिन दे. ते पाण्यातून स्फटिकलेलं असेल तर त्यात स्फटिकजल असतं, म्हणून आधी ११० अंशांवर कोरडं करून घे, नाहीतर पाण्याचे पट्टे चकतीतून नव्हे, पदार्थातूनच येतील. एका गटाला नुजॉल दे, दुसऱ्याला ओव्हनमध्ये न वाळवलेलं ब्रोमाइड, तिसऱ्याला नीट वाळवलेलं. तिन्ही वर्णपट एकाखाली एक लावून मुलींना विचार की रेणू कीटो आहे की इनॉल, आणि कुठल्या कागदावरून ते छातीठोक सांगता येतं. ३६०० ते ३००० आणि १७०० ते १६०० हे दोन भाग मोठे करून छापायला सांग. जर्नलात पद्धतीच्या नावाखाली स्टिम्सन आणि ओ'डॉनेल, १९५२, आणि शीट आणि राइनवाइन, १९५२, अशा दोन ओळी लिहून घे.

तिन्ही वर्णपटांच्या प्रती मला पाठव. पोटॅशियम ब्रोमाइड किती तास वाळवलं आणि त्या दिवशी खोलीतली आर्द्रता किती होती, ते मागच्या बाजूला लिहायला विसरू नकोस. ती. आईंना माझा नमस्कार सांग.

तुझी,
शालिनी